तेराशे तेरावा ठिपका

तळ्याच्या तळातला गाळ वर येतो तेव्हा आधी त्याचा वास येतो आणि मग तो स्वतः. सडक्या अंड्यांचा, तुंबलेल्या मोरीचा आणि त्यावर कुठल्यातरी मेलेल्या माशाचा असा तिहेरी वास होडीत पसरला की वल्हं मारणारा माणूस तोंड फिरवून बसायचा आणि चिखलताई तोंडाने श्वास घ्यायला लागायची. सात वर्षं ती हे करत होती आणि सात वर्षांत तिला त्या वासाची सवय झाली नव्हती. लोक म्हणतात, सवय होते. लोकांचं काय जातंय म्हणायला!

दोरीच्या टोकाला एक लोखंडी जबडा बांधलेला असे. तो तळाशी आपटला की मिटायचा आणि ओंजळभर काळंकुट्ट, गिळगिळीत काहीतरी धरून वर यायचा. त्यात कधी केसांचा गुंता, कधी प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी. ती कवळी तिने धुऊन घरी नेली, कारण तिचा नवरा दातांचा डॉक्टर. त्याने जेवणाच्या टेबलावर ती उलटीसुलटी करून पाहिली, "वरच्या जबड्याची आहे, बसवली वाईट होती," असं निदान केलं आणि त्याच हाताने पाव तोडला. चिखलताई त्या दिवशी जेवली नाही.

परक्या घरात ग्लासाला ओठ लावतानासुद्धा जिच्या अंगावर काटा येतो, त्या बाईने गाळात हात घालायचं कारण काय? कारण साधं होतं. कॉलेजात ती अकरा वर्षं तात्पुरती शिकवत होती. दर वर्षी मुलाखत, दर वर्षी नवीन पत्र, आणि दर वर्षी तिच्याच हाताखाली शिकून गेलेली कुणीतरी डॉक्टरेट घेऊन यायची आणि कायम होऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. शेवटी चौतिसाव्या वर्षी तिने डॉक्टरेटसाठी कंबर कसली. विद्यापीठात मार्गदर्शक म्हणून एकाच सरांकडे जागा रिकामी होती. ती का रिकामी होती, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं. सरांचा विषय गाळ होता. सर स्वतः मात्र तळ्यावर कधी गेले नव्हते. त्यांना दमा होता, असं ते सांगत.

विषय ऐकायला छान होता. मातीत काही जिवाणू असे असतात की शेजाऱ्यांना हटवण्यासाठी ते विष सोडतात, आणि ते विष माणसाला औषध म्हणून उपयोगी पडतं. पावसाच्या पाण्याबरोबर माती वाहून तळ्यात जाते, तळाशी बसते, आणि हे भांडखोर जिवाणूही तिच्याबरोबर तिथे मुक्काम ठोकतात. त्यांच्यातला एखादा असा शोधायचा, जो जखमेत पू करणाऱ्या जंतूला मारेल. कारण तो पूवाला जंतू आता जुन्या औषधांना भीक घालत नव्हता. नोंदणीची मुदत सात वर्षांची. ती या महिन्याच्या तीस तारखेला संपत होती, आणि त्याच दिवशी सर निवृत्त होत होते. तीस तारखेच्या आत सरांच्या सहीनिशी प्रबंध गेला नाही तर विषय रद्द, नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. आणि पाणी तरी कसलं, त्या तळ्याचं!

काम असं चाले. गाळ ताटांत पसरून वाळवायचा, म्हणजे प्रयोगशाळेला आठवडाभर संडासाची कळा. मग तो कुटायचा, चाळायचा, थोडा भाजायचा, पाण्यात कालवायचा आणि त्यातला थेंब काचेच्या प्लेटमधल्या जेलीवर फासायचा. आठ-दहा दिवसांनी जेलीवर ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंचं एकेक कुटुंब. मग त्यावर पूवाल्या जंतूचा पातळ थर ओतायचा. जंतू रात्रीतून वाढतो, जेली दुधाळ होते. एखाद्या ठिपक्यात दम असेल तर त्याच्याभोवती जंतू मरतो आणि काचेसारखं स्वच्छ कडं पडतं. त्या कड्यासाठी सगळा आटापिटा. चिखलताईने आजवर तेराशे बारा ठिपके तपासले होते. कडं एकाहीभोवती नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या पोरींनी तिला चिखलताई नाव दिलं ते काही प्रेमाने नव्हतं. ती जवळून गेली की त्या नाकाला रुमाल लावायच्या. पण एका गोष्टीत तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. हवे ते जिवाणू तिला वासावरून कळत. त्या जातीला एक विशिष्ट वास असतो, नुकतंच पाणी घातलेल्या कुंडीचा. चिखलताई प्लेटचं झाकण उचलायची, नाक जेलीपासून बोटभर अंतरावर न्यायची, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घ्यायची आणि सांगायची, "आहे," किंवा "नाही, नुसती बुरशी." गाळाच्या त्या नरकात तेवढा एकच वास तिला आवडायचा, आणि खरं सांगायचं तर तो मिळावा म्हणून ती गरज नसतानाही हुंगायची. भिंतीवर पाटी होती: 'प्लेट उघडून हुंगू नये'. पाटी सगळ्या प्रयोगशाळांत असते आणि या कामातली माणसं सगळ्या प्रयोगशाळांत हुंगतात.

सहा तारखेला सकाळी तिने इन्क्युबेटरमधून प्लेटांची चळत काढली, आणि चौथ्या प्लेटवर कडं होतं.

तिने प्लेट उजेडाकडे धरली. खडूच्या भुकटीसारखा एक पांढरा ठिपका, आणि त्याच्याभोवती चांगलं बोटभर रुंद, आरपार दिसणारं कडं. ती स्टुलावर बसली आणि तिने शेजारच्या टेबलावरच्या धाकटीला हाक मारली. धाकटी म्हणजे सरांची दुसरी विद्यार्थिनी. सूक्ष्मदर्शक तिच्याइतका चांगला कुणालाच जमत नसे. नाकाला रुमाल लावणाऱ्यांत ती पण असायची, पण निदान समोरून हसायची.

"ताई!" धाकटी ओरडली. "अहो, हे काय आहे!"

"तेराशे तेरावा," चिखलताई म्हणाली आणि रडायला लागली.

सर दारापर्यंत आले. आत ते सहसा येत नसत. प्लेट त्यांनी दुरूनच पाहिली, मग तिला ती त्यांच्या डोळ्यांसमोर धरायला लावली. "मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. ते असं काहीच म्हणत नव्हते; गेल्या महिन्यात तर 'काही लोकांना हे झेपत नाही' असं म्हणाले होते. दुपारपर्यंत त्यांनी निरोप समारंभातल्या भाषणाचा विषय बदलला, संध्याकाळपर्यंत जिवाणूला स्वतःचं आडनाव चिकटवलं. चिखलताईला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला सही हवी होती. बाळाचं बारसं कुणी का करेना.

पुढचे आठ दिवस ती हवेत होती. ठिपका सुईच्या टोकाने उचलला, नव्या प्लेटवर ओढला, पुन्हा उचलला, पुन्हा ओढला. पांढऱ्या भुकटीच्या बुडाशी साईच्या रंगाचं काहीतरी चिकट लागलेलं होतं. ते वेगळं निघालं. पांढरी भुकटी एकटी तपासली तर कडं नाही. साईवालं तपासलं तर भलंमोठं कडं. म्हणजे खरा मारेकरी साईवाला होता. तिने त्याच्या पाच नळ्या भरून फ्रीजमध्ये ठेवल्या आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं.

चौदा तारखेला धाकटीने त्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तिने भिंग फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ताई, आपले गाळवाले कसे दिसतात? दोऱ्यांसारखे ना? फांद्या फुटलेले?"

"हो."

"मग यात दोरे कुठे आहेत? हे तर गोल आहेत. गोल गोल, घोसाघोसाने."

चिखलताईने पाहिलं. गोल, टपोरे, एकमेकांना चिकटलेले घोस. अशी जात तळात घर करत नाही. ती माणसाच्या अंगावर राहते, कातडीवर, काखेत, नाकात. ज्या पूवाल्या जंतूला मारायचं त्याचीच ही चुलत भावंडं.

सरांनी हात झटकले. "तळ्यात लोक पोहतात, कपडे धुतात. कुणाच्या तरी अंगावरून आला असेल. तळ्यात सापडला ना? मग तळ्यातला. तुम्ही लिहा."

तिने त्याच बरणीतला गाळ पुन्हा काढला, वीस प्लेटांवर फासला. साईवाला रात्रीतून वाढणारा, पण दुसऱ्या सकाळी एकीवरही तो उगवला नव्हता. गाळाच्या त्या थेंबात नव्हता तर आला कुठून? हवेतून म्हणावं तर प्लेट उघडी ठेवलीच नव्हती. हातमोजे नवे होते. त्या दिवशी जेवताना तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून आलेला तो माणूस शांतपणे अंड्याचं कवच सोलत होता.

"तू अजून हुंगतेस का त्या प्लेटा?" त्याने विचारलं.

"हुंगते. त्याचं काय?"

"त्या दिवसांत तुला सर्दी होती. रुमाल शोधत फिरत होतीस सगळीकडे." त्याने अंड्यावर मीठ घातलं. "पडलं असेल काहीतरी."

"शी!" ती म्हणाली.

"शी काय त्यात? नाक आहे, गळतं. माझे पेशंट बोलताना माझ्या चष्म्यावर केवढं उडवतात, तुला सांगू?"

"नको!" ती उठून गेली. पण तो जे बोलला ते काही उठून जाईना.

दुसऱ्या दिवशी तिने कापसाच्या सहा काड्या घेतल्या. एक तळहातावर फिरवली, एक केसांत, एक काखेत, एक ओठांवर. पाचवी धाकटीच्या नाकात. धाकटीने आधी नाक मुरडलं, मग मुकाट्याने पुढे केलं. सहावी स्वतःच्या. काडी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला पिवळसर तंतू लोंबत होता. स्वतःचाच, तरी तिने काडी अंगापासून लांब धरली. तिने सहाही काड्या पूवाल्या जंतूच्या प्लेटांवर फासल्या आणि प्लेटा इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या.

सकाळी पाच प्लेटा नुसत्या दुधाळ होत्या. सहावीवर कडं होतं. काडी जिथे जिथे फिरली होती तिथे तिथे रुंद, आरपार, स्वच्छ पट्टा. तिच्या नाकातला शेंबूड काचेच्या प्लेटवर पसरून तिच्याकडे बघत होता, आणि सात वर्षांत तिने पाहिलेलं ते सगळ्यात सुंदर कडं होतं.

तिने बेसिनपाशी जाऊन नाक धुतलं. साबण लावून धुतलं, पुन्हा धुतलं, आतून झोंबायला लागलं तरी धुतलं. सात वर्षं ज्या गाळाच्या नावाने ती 'शी' करत आली, तो बिचारा निर्दोष होता. घाण घेऊन ती स्वतः फिरत होती, तीही अशा जागी की जिथून ती श्वास घेत होती. तिला स्वतःच्या चेहऱ्याची किळस आली. आरशात बघावंसं वाटेना.

आणि याहून किळसवाणी गोष्ट म्हणजे, तीन दिवस तिने हे कुणालाही सांगितलं नाही. धाकटीने विचारलं तर "बिघडल्या प्लेटा" म्हणाली. घरी बसून प्रकरण पुरं करत आणलं. 'स्रोत: तळ्याचा गाळ, खोली चार मीटर' असं तिने टाइप केलं आणि ती ओळ तशीच राहू दिली. कुणाचं काय बिघडणार होतं? जिवाणू खरा होता, कडं खरं होतं, पूवाला जंतू खरोखर मरत होता. फक्त पत्ता चुकीचा. अकरा वर्षं तात्पुरतं राहिलेल्या माणसाला एका चुकीच्या पत्त्याची माफी असावी, असं तिने मनाला समजावलं, आणि मन बऱ्यापैकी समजलंही.

चौथ्या दिवशी, वीस तारखेला, सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिनमध्ये अत्तराचा इतका उग्र वास होता की तिच्या घशाला खवखव सुटली. सर खुशीत होते. "अहो, एक आनंदाची बातमी. पुढचा प्रकल्प जवळजवळ मंजूर, निवृत्तीनंतर सल्लागार मीच. दहा विद्यार्थी, तळ्याचे चाळीस भाग पाडायचे, प्रत्येक भागातून दर महिन्याला गाळ. तुमच्या जिवाणूचे भाऊबंद शोधायचे. पाच वर्षं! तळ ढवळून काढू."

चिखलताईच्या डोळ्यांसमोर दहा पोरी आल्या. होडीत बसलेल्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या, हाताच्या कोपरापर्यंत काळ्या. पाच वर्षं त्या चाळीस जागी जबडे सोडणार, वाळवणार, कुटणार, चाळणार. कुणाचं लग्न लांबणार, कुणाची नोकरी जाणार. आणि शोधणार काय, तर हिच्या नाकातून गळलेला एक थेंब. तो त्यांना सापडणार नाही, आणि आपलंच चुकतंय असं समजून त्या रडत राहतील. हे तिला अगदी स्पष्ट दिसलं.

"सर, तो तळ्यातला नाही," ती म्हणाली. "माझ्या नाकातला आहे."

सर आधी हसले. मग तिने सगळं सांगितलं, सहावी प्लेट आणून दाखवली. त्यांनी खुर्ची दोन वीत मागे सरकवली.

"हे कुणाला माहीत आहे?"

"अजून कुणालाच नाही. धाकटीला संशय असेल."

"ती माझीच विद्यार्थिनी आहे." सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "हे बघा, उगाच बाऊ करू नका. तुमचं नाक काय, तळं काय, सगळी निसर्गाचीच देणगी. प्रबंध आहे तसा आणा, मी डोळे झाकून सही करतो. दोघांचंही भलं होईल."

"आणि त्या दहा जणी?"

"त्यांना नाही सापडलं तर नाही सापडलं. तुम्हाला तरी कुठे सापडत होतं?"

इतक्या गोड आवाजात हे बोलणाऱ्या माणसाला सात वर्षं आपण 'सर, सर' करत होतो, या विचारानेच तिला किळस आली. काल-परवापर्यंत आपणही मनाशी हेच बोलत होतो, हे आठवून जास्तच आली. "मी तळ्याचं नाव घालणार नाही," ती म्हणाली आणि उठली.

दोन दिवस सरांनी तोंड फुगवून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तुकतुकी आली. कुणाशी तरी बोलले होते. नाकातला जिवाणू जर पूवाल्या जंतूला मारत असेल, तर ते गाळापेक्षा दहापट मोठं प्रकरण होतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. विद्यापीठ त्यासाठी त्यांना निवृत्तीनंतरही तीन वर्षं ठेवून घ्यायला तयार होतं. अट एकच, नमुना देणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती पाहिजे.

त्यांनी पाच पानांचा कागद तिच्यापुढे सरकवला. वर लिहिलं होतं: 'नमुना क्रमांक एक. स्त्री. वय एकेचाळीस.'

"प्रमुख संशोधक मी. सहायक म्हणून धाकटी," सर म्हणाले. "तुम्ही दर आठवड्याला यायचं, पाच मिनिटांचं काम."

"आणि मी? संशोधक म्हणून?"

"समितीचा नियम आहे हो. ज्याच्या अंगातून नमुना घ्यायचा, तो त्याच अभ्यासात संशोधक असू शकत नाही. तटस्थपणा राहत नाही ना." त्यांनी दोन्ही हात पसरले. "माझ्या हातात असतं तर..."

"माझा प्रबंध?"

"तळ्यात काय सापडलं तुम्हाला? काही नाही. कसला प्रबंध? मी तर आधीच म्हटलं होतं, आहे तसा आणा. तुम्हीच हरिश्चंद्राचा आव आणलात."

तर असा हिशेब होता. खोटं बोलली असती तर शोध लावणारी झाली असती. खरं बोलली म्हणून गाळ झाली. दर आठवड्याला जबडा यायचा, ओंजळभर काढून न्यायचा, नाकाला रुमाल लावून. चिखलताईला वाटलं, तो कागद फाडून त्यांच्या तोंडावर फेकावा. पण ती मास्तरीण होती आणि मास्तरणीला कागद आधी पूर्ण वाचायची खोड असते. ती वाचत बसली. सर घड्याळ बघत बसले.

चौथ्या पानावर ती थांबली. तिने ते कलम दोनदा वाचलं. मग उठून प्रयोगशाळेत गेली, फ्रीज उघडला, साईवाल्याच्या पाचही नळ्या लाकडी स्टँडमध्ये लावल्या. धाकटी उभी राहून बघत होती.

"ताई, काय करताय?"

"ऑटोक्लेव्ह तापव," चिखलताई म्हणाली. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचा तो मोठा डबा, ज्यात टाकलेली जिवंत गोष्ट पंधरा मिनिटांत मरते आणि उकडलेल्या गटाराचा वास सोडते.

धाकटीने एकदा नळ्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तिने जाऊन बटण दाबलं.

नळ्या घेऊन ती परत केबिनमध्ये आली आणि स्टँड सरांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाला लागून ठेवला. सरांनी कप उचलून मांडीवर घेतला.

"सातवं कलम," ती म्हणाली. "नमुना देणाऱ्या व्यक्तीला आपला नमुना कोणत्याही क्षणी, कारण न सांगता नष्ट करायला लावता येईल. माझी तर अजून सहीसुद्धा नाही. म्हणजे हे पाचही माझ्या नाकातून चोरलेले. तिकडे ऑटोक्लेव्ह तापतोय."

"वेडबिड लागलंय का तुम्हाला?"

"तुमची तीन वर्षं या पाच नळ्यांत आहेत. आणि हे गेले तर पुढचे माझ्या नाकात आहेत. ते मी घरी घेऊन जाईन. शहरात दुसरेही सर आहेत, त्यांनाही नाकं चालतात."

सरांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "काय हवंय? नाव हवंय का? बघतो मी, समितीला सांगून कुठेतरी घालू."

आणि तिला खरंच मोह झाला. एवढंच म्हणायचं होतं, घाला. पण घालायला तो माणूस कुठेही काहीही घालेल, हे तिने वीस तारखेला ऐकलं होतं. त्याच्या नावाशेजारी आपलं नाव, ही कल्पनाच तिला अंगावर थुंकी उडाल्यासारखी वाटली.

"नाव तुमचं तुम्हालाच राहू दे," ती म्हणाली आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. "माझ्या प्रबंधावर सही करा. खऱ्या प्रबंधावर, या दोन दिवसांत नव्याने लिहिलाय. या तळ्यातल्या गाळात तेराशे बारा ठिपके तपासले, औषधी एकही निघाला नाही. तेराशे तेरावा माझ्या चुकीने पडला. कसा पडला, त्याचं एक प्रकरण आहे. पुढच्यांनी तिथे जबडा टाकू नये, असं शेवटच्या ओळीत लिहिलंय."

"काही सापडलं नाही म्हणून डॉक्टरेट देतं का कुणी?"

"देतील की नाही ते परीक्षक बघतील. तुम्ही फक्त सही करायची. तारखेसकट. मग मी तुमच्या कागदावर करते."

"माझा तळ्याचा प्रकल्प..."

"बुडाला. आता तुम्हाला नाक मिळालंय ना?"

सरांनी सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या पानावरही ती उमटली. चिखलताईने शिक्का मारून घेतला, शाई फुंकून वाळवली, प्रबंध पिशवीत घातला. तिला वाटलं होतं की या क्षणी तिला रडू येईल किंवा हसू येईल. यातलं काहीच आलं नाही. बाजारात वस्तू देऊन वस्तू घेतल्यासारखं वाटलं, आणि दिलेली वस्तू तिच्या अंगातली होती. किळस काही गेली नव्हती. पण पिशवी जड होती, आणि ते वजन बरं वाटत होतं. मग तिने संमतीचा कागद ओढला आणि ठरल्याप्रमाणे त्यावर सही केली.

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दाराकडे बघून धाकटीला हाक मारली. "जरा काडी आण गं, पहिला नमुना आत्ताच घेऊन टाकू. घे तू."

धाकटी काडी घेऊन आली. चिखलताईने कागदाच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे सरांनीच, कुणी मधल्यामध्ये हात मारू नये म्हणून, लिहून ठेवलं होतं: 'नमुना प्रमुख संशोधक स्वतः घेतील.'

धाकटीने काडी सरांपुढे धरली आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, जिथून नीट दिसेल. सरांनी एक हातमोजा घातला, त्यावर दुसरा घातला, खिशातला रुमाल नाकावर बांधला. चिखलताईने खुर्ची पुढे ओढली, मान मागे टाकली आणि तोंड वर केलं. काडी हवेतच अडकून राहिली. सरांनी डोळे गच्च मिटून मान दुसरीकडे वळवली होती. त्यांच्या घशातून बारीकसा 'शी' निघाला.

चिखलताईने त्यांचं मनगट धरलं, काडी स्वतःच्या नाकात सरकवली, चांगली आत, आणि मनगट सोडलं नाही.

"आता डोळे उघडा आणि फिरवा," ती म्हणाली.